दगडाला आंघोळ घालणारी

आमच्या मालकीणबाईंचं आणि माझं भांडण झालं, तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता दगडाशी बोलायचो. यात वेड्यासारखं काही नाही. दगड दोघांच्या दारांच्या मध्ये होता, बोललेलं दोघांनाही ऐकू जायचं आणि दोघांचीही मान ताठ राहायची.

म्हातारी सकाळी बादली घेऊन बाहेर यायची, पहिला तांब्या दगडावर ओतायची आणि माझ्या दाराकडे न बघता मोठ्यानं म्हणायची, "ऐकलंस काय रे? तिसऱ्या खोलीचा नळ रात्रभर टपकतोय. कानाला भोक पडलं माझ्या."

मी दारात आरसा टांगून दाढी करत असायचो. आरशातून नजर न काढता म्हणायचो, "सांग तिला, वॉशर गेलाय. नळ मालकाचा, तर वॉशरपण मालकाचा."

"त्याला सांग, पाणी कोण पितो?"

"तिला सांग, खोली कुणाची?"

दगड बिचारा निथळत उभा. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं.

तिला आम्ही भाडेकरू तोंडावर मालकीणबाई म्हणायचो आणि पाठीमागे म्हातारी. आता पाठीमागेच म्हणायचं राहिलंय, म्हणून म्हातारीच लिहितो. तिला राग आला असता, तर छत्रीनं माझं दार ठोकलं असतं. तिची छत्री पावसासाठी नव्हती. दारं ठोकायला, कुत्री हाकलायला आणि भाडेकरूंच्या पोटाला टोचायला होती. नऊवारी लुगडं, त्याखाली गेलेल्या नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, अशी ती गावठाणभर फिरायची. नावानं कुणाला हाक मारली नाही. पहिली खोली, दुसरी खोली, असंच. मी तिसरी खोली. माझी बायकोपण तिसरी खोलीच. दोघांनी एकदम ओ दिली, की म्हणायची, "बिनतोंडवाली ये, तोंडवाल्यानं घरातच राहावं."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागं आमचं गावठाण. आता चारी बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, डोक्यावरून मेट्रो जाते, आणि मध्ये खड्ड्यात पडल्यासारखी आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी जाळी टाकून बंद केलेली विहीर, आणि विहिरीला लागून, आमच्या दोघांच्या दारांमध्ये, चौथऱ्यावर तो काळा दगड. माणसाच्या छातीएवढा उंच. त्यावर कोरलेलं: या गावातील सात माणसे महायुद्धास गेली. पैकी दोघांनी आपला देह ठेविला. बस. कुणाचं नाव नाही, गाव नाही. गोऱ्या साहेबाच्या राज्यात पहिलं महायुद्ध झालं, ते संपल्यावर सरकारनं बसवलेला.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. मला येतं, चौथीपुरतं. पण त्या दगडावरचं कुठलं अक्षर कुठं आहे, ते तिला बोटानं ठाऊक होतं. खास करून 'गाव' हा शब्द. तिथं बोट फिरून फिरून दगड गुळगुळीत झाला होता.

एकदा गोरेगावहून सिनेमावाले आले. त्यांना खेडं हवं होतं. त्यांच्यातला एक टोपीवाला म्हणाला, "आजी, सगळं झकास आहे, फक्त हा दगड तेवढा झाकतो. खेडेगाव वाटत नाही त्यानं." आणि पुठ्ठ्याचा एक मारुती आणून दगडापुढं उभा करायला लागला. म्हातारीनं बादली उचलली आणि मारुतीसकट त्याला आंघोळ घातली. मग त्याचा हात धरून बोट 'गाव' शब्दावर दाबलं. "वाच. काय लिहिलंय? तुला गाव पायजे ना? अख्ख्या मुंबईत गाव म्हणून दगडावर लिहिलेलं हे एक. आणि हेच झाकतोस?" सिनेमावाले गेले. पुठ्ठ्याचा मारुती विरघळून गटारात गेला, त्याचं मात्र तिला वाईट वाटलं. देवाला काही बोलले नव्हते रे मी, असं दगडाला दोन दिवस सांगत होती.

दगडाला कुणी शेंदूर लावायचा प्रयत्न केला, तरी तिला खपायचं नाही. आमच्या लोकांना उभा दगड दिसला की हात शिवशिवतात. कुणीतरी कुंकू लावी, कुणी नारळ फोडी. म्हातारी घासून काढायची. "देव नाय तो, माणूस आहे. माणसाला आंघोळ लागते, शेंदूर नाय."

मी कोकणातून आलो तेव्हा वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून चिकटलो होतो. लग्न नुकतं झालेलं, हातात ट्रंक. खोली बघायला आलो, तर म्हातारीनं खोली दाखवलीच नाही. तेव्हा ती म्हातारी नव्हती, पण होती अशीच. आधी दगडापुढं उभं केलं.

"नाव त्याला सांग. मला नको."

मी सांगितलं.

"गाव?"

"मालवणकडचं."

"बघ रे," ती दगडाला म्हणाली, "चालेल काय?" आणि कान देऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "चालेल म्हणतो. पण तोंडाळ आहे म्हणतो."

मी तोवर दोनच वाक्यं बोललो होतो. पण दगडाचं खरं निघालं.

भांडण झालं ते पोटमाळ्यावरून. पोरगा शिकायला लागला, त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून मी लोखंडी अँगल आणून माळा चढवला. भिंतीला भोकं पाडली. म्हातारी छत्री घेऊन दारात उभी. "काढ." मी म्हटलं, "नाही काढत." ती म्हणाली, "माझी भिंत." मी म्हटलं, "माझा पोरगा." माळा राहिला, बोलणं गेलं. मी कुणापुढं पडतं घेत नाही, आणि तीही तसलीच.

पण बोलणं गेलं म्हणून बाकी काही थांबलं नाही, हे मला आज लिहायचंय. माझी बायको टायफॉइडनं पडली होती, तेव्हा सकाळी बाहेर आवाज आला, "त्याला सांग, तिसऱ्या खोलीत आजारपण आहे म्हणून पेज ठेवलीय उंबऱ्यावर. पातेलं घासून परत कर म्हणावं. नुसतं विसळून नाय." रोज पेज. महिना उलटला तरी पेज. वर्कशॉपला टाळं लागलं आणि मी घरी बसलो, तेव्हा दगडाला म्हणाली, "सांग त्याला, दारात बसून तोंड पाडू नको. दुसऱ्या खोलीच्या दाराची बिजागरी निखळलीय, पहिलीच्या खिडकीला गज नाय. हाताला काम आहे म्हणावं." मी हत्यारं काढली. त्यातून गावठाणात माझी कामं सुरू झाली, ती आजपर्यंत पुरली. पोरगा त्याच माळ्यावर बसून इंजिनीअर झाला. निकालाच्या दिवशी दगडाला म्हणाली, "माळा बरा होता रे, पण भोकं चुकीच्या जागी पाडली त्यानं."

ती दगडाला रोज पाणी का घालते, ते मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. माझ्या बायकोला तिनं एकदा सांगितलं. दगडावरच्या त्या दोघांतला एक तिचा आजा. बोटीत बसून गेला तेव्हा तिचा बाप पोटात होता. पुढं कुठल्या देशात मेला, कसा मेला, काही कळलं नाही. फोटो नाही, हाड नाही. "मरताना तोंडात पाणी घालायला कुणी होतं की नाय, कुणास ठाऊक," म्हातारी म्हणाली होती. "म्हणून माझी आजी रोज एक तांब्या ओतायची. मग बाप. आता मी. दुसरा कोण होता ते माहीत नाय, त्यालापण दुसरा तांब्या." बायकोनं विचारलं, दगडावर नाव का नाही घातलं? तर म्हणाली, "नाव नाय ते बरं. नाव असतं तर एकट्या माझा आजा झाला असता."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकोल्याला तिची भाची राहते, ती तिला घेऊन गेली आणि तीन-चार दिवस स्वतःकडेच ठेवून घेतलं. जाताना म्हातारी दगडासमोर उभी राहून म्हणाली, "सांग त्याला, माझ्या मागं पाणी चुकवू नको." त्याला म्हणजे मला.

मी चुकवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी रेशन घेऊन येतोय, तर बायको गल्लीच्या तोंडाशी कपाळाला हात लावून उभी. "अहो, दगड नेलो हो त्यांनी!"

गटाराचं काम करणारा कंत्राटदार होता. जेसीबीनं चौथरा उचकटला, दगडाचे तुकडे झाले, डेब्रिजच्या ट्रकमध्ये पडले आणि ट्रक गेला. बायका ओरडल्या, तर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दगडच आहे." चौथऱ्याच्या जागी खड्डा. खड्ड्यात पाणी साचलेलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी येणार.

भाचीचा फोन आला. डॉक्टरांनी बजावलंय, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि काही झालं तरी रडायचं नाही. टाक्यावर ताण आला तर डोळा जाईल. दुसरा डोळा आधीच गेल्यातच जमा होता.

आमच्या चाळीत कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही. गणपतीची वर्गणी असो की संडासाची सफाई, मारामारीच. पण त्या संध्याकाळी सगळे गुपचूप माझ्या खोलीत जमले आणि पाच मिनिटांत ठरलं: म्हातारीला कळू द्यायचं नाही. पट्टी आणि काळा चष्मा आहे तोवर तिला काही दिसत नाही. तेवढ्यात दगड शोधायचा, जोडायचा आणि जागेवर बसवायचा. आजवर जिनं आम्हाला छत्रीनं टोचलं, तिच्या डोळ्यासाठी सगळी चाळ एक झाली.

सकाळी रिक्षा आली, तेव्हा आम्ही खड्ड्यापुढं ओळीनं उभे. म्हातारी भाचीच्या खांद्याला धरून उतरली. एका डोळ्याला हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. "काय रे? सगळे दारात? कोण मेलं?"

"तुमचं स्वागत, मालकीणबाई," रिक्षावाला गण्या म्हणाला. तो दुसऱ्या खोलीत राहतो.

"माझं कसलं स्वागत? मी काय निवडून आले?" मग तोंड वर करून विचारलं, "आंघोळ झाली त्याची?"

"होय," मी म्हटलं. म्हणजे हवेत म्हटलं, तिला नव्हे.

दुसऱ्या दिवशीपासून मी सकाळी बादली घेऊन जायचो आणि खड्ड्यात दोन तांबे ओतायचो. लोकांना वाटलं, मी आवाजासाठी ओततो. आवाजासाठी होतंच. पण बायकोनं सांगितलेली ती तोंडातल्या पाण्याची गोष्ट एकदा डोक्यात बसली होती. दगड नाही म्हणून त्या दोघांनी तहानलेलं का राहावं?

गण्यानं जेसीबीवाल्यांमध्ये ओळख काढली. डेब्रिज मरोळलाच एका अर्धवट इमारतीच्या मागं भरणीला टाकलं होतं. आम्ही रिक्षा घेऊन गेलो. दिवसभर ढिगारा उपसला. एक तुकडा सापडला, मग दुसरा. वरचा कोपरा, ज्यावर 'या गावातील' होतं, तो काही मिळेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो. नाही. हात फुटले. कंटाळून वॉचमनच्या केबिनजवळ हात धुवायला गेलो, तर पाण्याच्या पिंपाखाली पाय धुवायला ठेवलेला दगड. त्यावर साबणाच्या फेसाखाली 'गा' दिसला.

मी उचलायला वाकलो, तर वॉचमन धावत आला. "ए चाचा, रख दो! हमारा पत्थर है."

"हमारा है," मी म्हटलं. "गाव का है."

"गाव? इधर कौन सा गाव? मैं तो गाव छोड़ के आया हूँ."

गण्या मध्ये पडला, युद्धाचं सांगायला लागला. वॉचमन ऐकून घेत होता, पण हलत नव्हता. "सब ठीक है. लेकिन मैं पैर किस पे धोऊँ? कीचड़ में?"

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मी घरी गेलो, मोरीतली कडप्प्याची फरशी छिन्नीनं उचकटली आणि रिक्षात घालून त्याला नेऊन दिली. त्यानं पाय ठेवून बघितला, हलत नाही ना बघितलं, मग 'गाव' आमच्या हवाली केलं.

बायकोनं मोरी बघितली. "काय केलात ह्या? आता मी न्हाऊ खंय?"

"दगडासाठी दगड द्यावा लागला."

तिनं काथ्या आणि राख घेतली आणि त्या तुकड्यावरचा साबण घासत बसली. सगळी अक्षरं स्वच्छ होईपर्यंत उठली नाही.

वसाहतीत जुना सोबती होता, त्याच्या शेडमध्ये तुकडे जोडले. आतून सळईचे तुकडे घातले, मागून लोखंडी पट्टी बांधली. सांधे दिसतात, ते मी लपवले नाहीत. तुटला होता तर तुटलेला दिसू दे. वॉर्डातला एक कार्यकर्ता आला, म्हणाला, "काका, खाली आमच्या साहेबांचं नाव टाकू, 'सौजन्य' म्हणून." मी म्हटलं, "जे मेले त्यांचं नाव नाही, तुझ्या साहेबांचं कुठं टाकू?" तो गेला.

मग एका संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, चौथरा बांधून आम्ही दगड उभा केला. खालचं सिमेंट ओलं होतं. वासे लावून टेकू दिला. सगळी चाळ बघत होती. तेवढ्यात मागून बुटांचा आवाज आला. म्हातारी काळा चष्मा लावून, छत्री टेकत, एकटीच चालत आली.

ती येऊन दगडासमोर उभी राहिली. "तिसरी खोली," ती म्हणाली. "मला वाकायचं नाय. माझं बोट धर आणि जागेवर ठेव."

किती वर्षांनी ती माझ्याशी बोलत होती. मी तिचं बोट धरलं, वाळलेल्या शेंगेसारखं हलकं, आणि 'गाव'वर ठेवलं. तिनं फिरवून बघितलं. मग सांध्यावरून फिरवलं. मला वाटलं, ही आता रडणार आणि डोळा जाणार.

ती रडली नाही. म्हणाली, "पहिल्याच सकाळी कळलं मला. दगडावर पाणी टाळी वाजवल्यासारखं वाजतं. तुम्ही खड्ड्यात ओतत होता. गुळगुळ, गुळगुळ. मी काय आज आवाज ऐकते?"

"मग बोललात का नाही?" मी विचारलं. मीपण सरळ तिलाच विचारलं.

"बोलले असते तर रडले असते. रडले असते तर डोळा गेला असता, आणि हा परत आलेला दिसला नसता." मग म्हणाली, "आणि दगड नव्हता तरी तू ओतत होतास. म्हटलं, याला कळलं पाणी कुणाला घालायचं. आता मी मेले तरी चालेल."

मी पंच्यानं तोंड पुसलं, सिमेंट उडालं होतं.

मग तिनं दगडाच्या कडेनं हात फिरवला आणि छत्री आपटली. "पण तोंड कुठं केलंय याचं?"

"रस्त्याकडे," गण्या म्हणाला. "लोकांनी वाचायला पाहिजे ना, मालकीणबाई."

"लोक वाचतील नाय तर खड्ड्यात जातील. आधी याचं तोंड गल्लीकडं होतं. अरे, तो रस्त्यानं गेला होता. परत आलेला माणूस घराकडं तोंड करून येतो की घराकडं पाठ करून? फिरव."

सिमेंट धरायला लागलं होतं. एवढी मेहनत, हात फुटलेले, पाठ मोडलेली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला तिथंच उभा गाडला असता. पण मी खोरं उचललं, चौघांना हाक मारली आणि दगड फिरवला. आयुष्यात एकदाच मी तिच्यापुढं पडतं घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

पट्टी सुटली. डोळा वाचला. पहिल्यांदा काळा चष्मा न लावता बाहेर आली, तेव्हा कितीतरी वेळ नुसती दगडासमोर उभी होती. सांधे, पट्टी, सगळं बघितलं. मी दारात दाढी करत होतो. आता सरळ बोलायचं की कसं, मला कळेना. तिनंच सोडवलं. तांब्या ओतला, टाळी वाजली, आणि मोठ्यानं म्हणाली, "सांग त्याला, काम बरं केलंय. पण नळ अजून टपकतोय."

"सांग तिला," मी म्हटलं, "वॉशर मालकाचा."

परत तेच सुरू झालं. खरं सांगायचं तर वॉशर माझ्या हत्यारांच्या डब्यात पडलेला होता. पण बदलला असता तर दुसऱ्या सकाळी बोलायला काय राहिलं असतं? तिनंपण कधी प्लंबर बोलावला नाही. तिलाही हेच वाटत असणार.

गेल्या होळीच्या आधी म्हातारी झोपेत गेली. मी आणि बायको जवळच होतो. बायकोनं तिच्या तोंडात पाणी घातलं. ते एक बरं झालं, तिच्या आज्याला मिळालं की नाही कळलं नाही, तिला मिळालं.

भाचीनं बूट आणि छत्री मला दिली. बूट मला होत नाहीत. छत्रीनं मी कुत्री हाकलतो.

नळ तसाच आहे. पोरगा येतो तेव्हा चिडतो, "बाबा, पाच मिनिटांचं काम आहे, मी बदलू?" मी हात लावू देत नाही. रात्री खाली बादली ठेवतो, थेंब थेंब करून सकाळपर्यंत ती भरते. तीच बादली उचलून मी बाहेर जातो. एक तांब्या तिच्या आज्याला, एक त्या दुसऱ्याला, आणि एक जास्तीचा. टाळी वाजते. मग मी आरसा टांगतो, दाढीला साबण लावतो आणि म्हणतो,

"सांग तिला, तोंड घराकडंच आहे. आणि नळ टपकतोय."